सहाव्या खंडातले भाषण

"बाबा गेल्यावर कोणीतरी त्यांच्या तोंडी एक भाषण घातलंय," असे म्हणत अ‍ॅबिगेल व्हिटकॉम आत आल्या आणि कोणी बसा म्हणण्यापूर्वीच खुर्चीवर बसल्या.

ओबेड थर्लोने हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. बोस्टनमधल्या एका छापखान्यात त्याने चौदा वर्षे मुद्रिते तपासली होती. पुस्तकांतल्या चुकांपेक्षा माणसांच्या चुका अधिक अभ्यसनीय असतात हे उमगल्यावर त्याने तो व्यवसाय सोडला आणि खासगी तपासाचा हा धंदा मांडला. खिडकीशी बसलेला हायरम बक त्याचा भागीदार होता. हायरमने तीस वर्षे आगगाडीत तिकिटे तपासली होती. चेहरा पाहिला की माणूस कळतो, अशी त्याची श्रद्धा होती आणि ती अनेकदा खोटी ठरूनही अढळ होती.

एझ्रा व्हिटकॉम हे नाव दोघांनाही सांगावे लागले नाही. तीस हिवाळे ज्या वक्त्याने मेनपासून ओहायोपर्यंतची सभागृहे गाजवली, युद्धापूर्वी गुलामगिरीविरुद्ध आणि युद्धानंतर मुक्त झालेल्यांच्या मताधिकारासाठी, त्याला विसरणे त्या पिढीला शक्य नव्हते. हायरमने त्यांना एकदा ऐकले होते. भाषणापेक्षा त्यांच्या कोटावर फुटलेले अंडेच त्याला अधिक स्पष्ट आठवत होते.

बाईंनी हकीकत थोडक्यात सांगितली. वडिलांना जाऊन दीड वर्ष झाले. त्यांची समग्र भाषणे सहा खंडांत निघत होती आणि पाच खंड बाहेर पडले होते. सहाव्याचे छपाईचे ठसे शनिवारी सकाळी ओतले जाणार होते, मग बदल शक्य नव्हता, आणि आज गुरुवार होता. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी संपादक प्राध्यापक प्रॅट यांना वडिलांच्या मेजाच्या मागल्या खणात अकरा पाने सापडली. अक्षर हुबेहूब वडिलांचे होते. मुक्त गुलामांना मत देऊ नये, असे त्यात प्रतिपादन होते.

"जन्मभर जे बोलले त्याच्या नेमकं उलट," हायरम म्हणाला.

"प्राध्यापक म्हणतात, सत्य कडू असलं तरी छापायचं. त्यांनी ताडून पाहायला त्या तारखेची लघुलेखनाची वही मागितली. मी कपाट उघडलं, तर नेमकी तीच वही जागेवर नाही."

त्या वह्या एनोक बॅनिस्टर यांच्या होत्या. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस विशीत पळून उत्तरेला आला, स्वतःच लघुलेखन शिकला आणि बावीस हिवाळे व्हिटकॉमांच्या मागून फिरून त्यांचे शब्द टिपत राहिला. आता ते जिल्हा न्यायालयात शपथेवर साक्षी लिहून घेत. प्रॅट आणि प्रकाशक यांचे मत ठरून गेले होते : ते भाषण बॅनिस्टरना झोंबले आणि पुरावा उरू नये म्हणून त्यांनीच वही नाहीशी केली. सोमवारी चोरीची फिर्याद दाखल होणार होती. तोवर बॅनिस्टरना ग्रंथालयाचे दार बंद होते.

थर्लोने विचारले, "बाई, तुम्हाला कोणाला वाचवायचंय? वडिलांना, की बॅनिस्टरना?"

"बाबांना आता कोण काय करणार? एनोककाकांनी वही नष्ट केली असं एकदा लोकांच्या मनात बसलं, तर त्यांच्या लेखणीवर कुठलं न्यायालय विश्वास ठेवील? त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? त्यांनी लिहिलं म्हणजे ते बोललं गेलं, एवढीच त्यांची मिळकत आहे."

थर्लो टोपी घ्यायला उठला.

*

मेडबरीच्या व्हिटकॉम-घरातले ग्रंथालय बाहेरच्या अंगणाहून थंड होते. प्राध्यापक ल्यूशस प्रॅट अंगात ओव्हरकोट आणि बोटांची टोके कापलेले हातमोजे घालून मेजाशी बसले होते. कोपऱ्यात लोखंडी शेगडी होती, पण ती पेटवायला त्यांची सक्त मनाई होती. धुराने कागद पिवळे पडतात आणि निष्काळजी माणसाच्या हातून एक ठिणगी पुरते, असे ते म्हणाले. आपल्या उपस्थितीत गेल्या दीड वर्षात इथे विस्तव आलेला नाही, हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितले की हायरमने नकळत कॉलर वर केली.

पाच खंडांविषयी विचारताच गृहस्थ फुलले. आपल्याला लघुलेखन वाचता येत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. बॅनिस्टरनी उतरवून दिलेल्या प्रती आणि जुनी वर्तमानपत्रे यांवरून त्यांनी पाठ सिद्ध केला होता. त्यांच्या मते त्यांची खरी कामगिरी कंसांची होती.

"हे पाहा." त्यांनी तिसरा खंड उघडला. ओळीओळीआड कंस होते : टाळ्या, हशा, निषेधाचे आवाज. "व्हिटकॉमना हे मुळीच खपत नसे. हयातीत त्यांनी एकही टाळी छापू दिली नाही. मी वर्तमानपत्रांच्या वृत्तान्तांतून एकेक वेचली. चार हजारांवर भरल्या. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत नवव्या पानावर सगळं सविस्तर दिलंय."

"वाचकांना आवडलं असेल," थर्लो म्हणाला.

"प्रस्तावना वाचतो कोण?" प्रॅट खिन्नपणे म्हणाले.

मग त्यांनी ती अकरा पाने काढली. थर्लोने ती उजेडाकडे धरली, वास घेतला आणि हायरमकडे दिली. हायरमला मोठ्याने वाचायची हौस होती.

"'स्प्रिंगफील्ड येथील १४ मार्चच्या सभेसाठी. १३ मार्च १८६६,'" त्याने घसा खाकरून सुरुवात केली. "'बंधूंनो, बेडी तोडणे हे आपले कर्तव्य होते आणि ते आपण केले. (टाळ्या.) परंतु ज्या हाताने काल बेडी वाहिली, त्याच हाती आज राज्याचा लगाम देणे हे औदार्य नव्हे, अविवेक होय. (कुजबुज, मागील बाकांवरून शिट्ट्या.) वृक्ष लावताच फळ मागणारा माळी...'"

"पुरे," थर्लो म्हणाला. "काय वाटतं?"

"वाईट वाटतं," हायरम म्हणाला. "पण भाषण झकास आहे. सभा डोळ्यांपुढे उभी राहते."

"राहते खरी."

हे छापलेच पाहिजे का, असे थर्लोने विचारले तेव्हा प्रॅट ताठ झाले. "मलाही हे भाषण आवडत नाही, आणि म्हणूनच मी ते छापणार. संपादकानं आवडीनिवडीनं कात्री चालवायला लागावं, तर मग समग्र हा शब्द मुखपृष्ठावर कशाला? सगळे मला थांबवतायत. बाई रडतात, लायमन हात जोडतात. जो तो थांबवतोय, त्यावरूनच कळतं की थांबता कामा नये."

थर्लोने वाद घातला नाही. त्याने कपाट पाहायला मागितले. किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली होती. आत जाड पुठ्ठ्याच्या वह्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीला पितळी खटका आणि पाठीवर वर्षाची चिठ्ठी : १८५८ पासून १८७९ पर्यंत. बाविसांपैकी एकवीस उरल्या होत्या. १८६५ आणि १८६७ यांच्यामध्ये अंगठाभर फट होती.

नंतर तो शेगडीपुढे उकिडवा बसला. बूट पुसतोय असे हायरमला वाटले. उठताना मात्र त्याच्या रुमालात बुटांच्या धुळीखेरीज आणखी काही होते : राखेच्या कप्प्यातून निघालेला, काळवंडलेला पितळेचा नखाएवढा तुकडा.

*

लायमन व्हिटकॉम दिवाणखान्यात वाट पाहत होते. एझ्रांचे हे पुतणे. लहानपणीच वडील वारल्याने काकांच्या घरी वाढलेले, आता वकील, आणि पुढल्या वर्षीच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, निवडणुकीतले उमेदवार. थँक्सगिव्हिंगला गुरुवारपासून रविवारपर्यंत त्यांचा मुक्काम इथेच होता. आजही अ‍ॅबिगेलताईला धीर द्यायला म्हणून ते बोस्टनहून आले होते. चेहरा मोकळा, हात उबदार. हायरमचे मत तिथल्या तिथे बनले.

त्यांनी काही लपवले नाही. भाषण छापू नये असे आपण प्राध्यापकांना तीनदा विनवले, घराण्याच्या नावासाठी ते कुलपात ठेवा म्हटले. पण त्या गृहस्थांना पूर्वेकडे न्यायचे असेल तर पश्चिमेकडे ओढावे लागते, असे ते हसत म्हणाले. एनोकविषयी त्यांना कीव वाटत होती. त्याने गाव सोडून जायचे कबूल केले तर फिर्याद होऊ न देण्याची खटपट आपण करू, असेही त्यांनी सुचवले.

"काकांच्या सभांना तुम्ही जात होता?" थर्लोने विचारले.

"एकदाही नाही. गंमतच आहे बघा. हिवाळ्यात ते फिरतीवर, मी वसतिगृहाच्या शाळेत. उन्हाळ्यात दोघंही घरी, पण घरात ते भाषण करायचे नाहीत, कित्ता गिरवून घ्यायचे. माझ्या अक्षराला त्यांनीच वळण लावलं. त्यांचं बोलणं मी ऐकलं ते पुस्तकांत. पाची खंड पाठ आहेत म्हणा ना. असावेच लागतात. या जिल्ह्यात मी तोंड उघडलं की कोणीतरी म्हातारा मागून उठतो आणि काका काय म्हणाले होते ते पानासकट सांगतो."

"अवघड जात असेल."

"सवय होते." त्यांनी खांदे उडवले. "थंडीची मात्र होत नाही. ताई त्या प्राध्यापकांच्या ऐकण्यात. सणाच्या दुसऱ्या दिवशी मला तिथे बसून पत्रं लिहायची होती, बोटं वळेनात. शेवटी मीच चार ढलप्या घालून शेगडी पेटवली. प्राध्यापकांना सांगू नका, मूर्च्छा येईल."

निरोप घेताना त्यांनी आपला बोस्टनचा पत्ता कागदावर लिहून दिला. बाहेर पडल्यावर हायरम तो कागद न्याहाळत राहिला. "काय देखणं अक्षर आहे. आणि माणूसही सरळ वाटतो रे. मला विचारशील तर तो प्राध्यापक. सहावा खंड खपवायचाय त्याला. नवं काही सापडलं नाही, तर शेवटचा खंड घेणार कोण?"

"प्राध्यापकांना लोकांनी खंड घेण्याचं वेड नाही, हायरम. प्रस्तावना वाचण्याचं आहे."

*

एनोक बॅनिस्टर न्यायालयामागच्या एका खोलीत राहत. छप्पन्न वर्षांचा, ताठ पाठीचा, शब्द मोजून वापरणारा माणूस. त्यांनी पाहुण्यांपुढे बीन्स आणि काळा ब्रेड ठेवला आणि स्वतः काही खाल्ले नाही.

१४ मार्च १८६६ ला व्हिटकॉम कुठे होते, हे त्यांना सांगता येईना. एकेका हिवाळ्यात शंभरावर सभा व्हायच्या. "आठवावं लागू नये म्हणून तर मी लिहीत होतो," ते म्हणाले.

"तुम्हाला नेमकं काय सांगितलं? कोणती वही गेली?"

"सहासष्टचं स्प्रिंगफील्डचं भाषण ज्या वहीत होतं, ती. एवढंच. मला ना ते कागद दाखवले, ना कपाट. तारीखही आत्ता तुमच्याच तोंडून ऐकतोय." त्यांनी ब्रेडची थाळी पाहुण्यांकडे सरकवली. "असं भाषण झालं नाही, हे मी शपथेवर सांगितलं. तर प्राध्यापक म्हणाले, शपथेवर लिहिणाऱ्याची वही कुठंय, ते आधी सांग."

थर्लोने कामाची रीत विचारली. एप्रिलमध्ये फिरती संपली की बॅनिस्टर लघुलिपीतून साध्या लिपीत प्रत उतरवत आणि व्हिटकॉम ती निळ्या पेन्सिलीने तपासत. व्हिटकॉम स्वतः बोलण्याआधी कधी लिहीत नसत का, असे विचारताच बॅनिस्टर जरा घुटमळले. सहसा नाही, पण अमुक एक कधीच केले नाही असे कोणाविषयीही आपण लिहून देणार नाही, असे ते म्हणाले. पेटीत एक जुनी प्रत होती. जिथे जिथे बॅनिस्टरनी सवयीने कंसात टाळ्या लिहिल्या होत्या, तिथे तिथे जाड निळी रेघ होती.

"म्हणायचे, टाळ्या ज्यांच्या त्यांनी घरी न्याव्यात. आपण फक्त शब्द ठेवायचे."

"आणि वह्या? वर्षाला एक?"

"हिवाळ्याला एक. ऑक्टोबरात निघताना कोरी वही उघडायची, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, एप्रिलात बंद करायची. त्या दिवशीचं जाहिरातपत्रकसुद्धा त्या त्या पानावर डकवायचं, ही त्यांची शिस्त."

थर्लोने काळा ब्रेड बीन्समध्ये बुडवला आणि सावकाश चावला. "उद्या दुपारी तीनला न्यायालयातून सुटी मिळेल? पेन्सिली घेऊन या. कामावर बोलावतोय."

*

शुक्रवारी तीनला ग्रंथालयात सहा माणसे जमली. शेगडी थंडच होती. लायमननी बॅनिस्टरना पाहताच भुवया चढवल्या. "याला आत कोणी घेतलं? एनोक, तुला इथं यायची बंदी आहे ना?"

"मीच आणलंय त्यांना," थर्लो म्हणाला. "ते बोलणार नाहीत, लिहितील. इथं बोललेला प्रत्येक शब्द उद्या प्रकाशकांपुढे ठेवायचाय."

बॅनिस्टर कोपऱ्यातल्या लहान मेजाशी बसले आणि त्यांनी वही उघडली. प्रॅटनी मान दुसरीकडे फिरवली.

"प्राध्यापक," थर्लोने सुरुवात केली, "या पानांवर शिरोभागी काय आहे?"

"स्प्रिंगफील्डच्या १४ तारखेच्या सभेसाठी. लिहिल्याचा दिवस १३."

"म्हणजे भाषण लिहिलं गेलं तेव्हा सभा व्हायची होती."

"उघड आहे."

"मग मागल्या बाकांवरून शिट्ट्या कोणी वाजवल्या?"

प्रॅटनी पाने ओढून घेतली. त्यांचे कापल्या हातमोज्यांतले बोट पहिल्या कंसावर टेकले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि प्रत्येक वेळी ते अधिक हळू सरकले.

"वक्ता आदल्या दिवशी आपलं भाषण लिहील," थर्लो म्हणाला, "पण श्रोत्यांचं कसं लिहील? कुठं टाळी पडेल अशी आशा एखादा मनात धरील. कुठं शिट्टी पडेल हे कंसात नोंदवून ठेवणार नाही. आणि व्हिटकॉम तर झालेल्या टाळ्याही खोडायचे. हे कंस ज्यानं लिहिले त्यानं व्हिटकॉमना सभेत ऐकलेलं नाही, त्यांची हस्तलिखितं हाताळलेली नाहीत. त्यानं ते छापील खंडांत वाचलेत आणि कंस हा भाषणाचाच भाग, अशी त्याची समजूत झालीय."

"मी चार हजार कंस घातले," प्रॅट पुटपुटले. "डोळ्यांना इतकी सवय झाली की..."

"तुम्हाला दिसले नाहीत. पण तुम्ही बनावट करायला बसला असता तर एकही घातला नसता. नववं पान तुम्हीच लिहिलंय. बाईंनी आणि बॅनिस्टरांनी ती निळी पेन्सिल चालताना पाहिलीय. तेव्हा तुम्ही तिघं इथंच सुटलात."

हायरमने चौथ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

"हे सगळे तर्क झाले," लायमन शांतपणे म्हणाले. "काका म्हातारपणी पुन्हा बसून प्रत करत असतील. खरं काय ते सांगणारी वही एकच होती आणि ती एनोककडून गेली."

"त्या वहीकडेच येतो." थर्लोने कपाट उघडले, एक वही काढली आणि पाठीवरच्या चिठ्ठीवर अंगठा ठेवून ती मेजावर ठेवली. "१४ मार्च १८६६ ची नोंद या वहीत आहे."

अ‍ॅबिगेलबाई पुढे झुकल्या. प्रॅट उठून उभे राहिले. बॅनिस्टरांची पेन्सिल अर्ध्या क्षणासाठी थांबली आणि पुन्हा चालू लागली. लायमननी वहीकडे पाहिलेच नाही. त्यांची नजर शेगडीकडे गेली होती.

"ही बनवलेली आहे," ते म्हणाले. "जळालेली वही परत कशी येईल? याने काल बसून नवी लिहिली असणार. हुशार आहे तो."

"जळालेली?"

"हरवलेली. हरवलेली म्हणालो मी."

थर्लोने अंगठा काढला. चिठ्ठीवर १८६५ होते.

"ही वही चोवीस वर्षं याच कपाटात आहे. व्याख्यानांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि एप्रिलात संपतो. बॅनिस्टर वहीला हंगाम निघाल्याचं वर्ष देतात. सहासष्टचा मार्च पासष्टच्या वहीत येतो. ज्यानं सहासष्टची चिठ्ठी पाहून वही उचलली, त्यानं पुढचा हिवाळा पळवला. बॅनिस्टरांनी स्वतःच्या हातानं बावीस चिठ्ठ्या चिकटवल्यात. त्यांना चोरायचीच असती तर ही चोरली असती. प्राध्यापक, त्यांना एकदा कपाट दाखवलं असतंत, तर त्यांनी हे तुम्हाला तिथंच सांगितलं असतं."

त्याने खटका सोडून पान उघडले. आदल्या सभेच्या लघुलिपीच्या ओळींखाली एक पिवळे जाहिरातपत्रक डकवलेले होते. बँगर, मेन. १४ मार्च १८६६. एझ्रा व्हिटकॉम यांचे व्याख्यान. आणि त्यावर छापखान्याने आडवी चिकटवलेली पट्टी : व्याख्यात्यांचा आवाज बसल्याने सभा तहकूब, तिकिटे पुढील सभेस चालतील.

"त्या दिवशी ते स्प्रिंगफील्डपासून दोन दिवसांच्या वाटेवर होते," थर्लो म्हणाला, "आणि त्यांचा आवाज बसला होता."

मग त्याने रुमाल उलगडून काळवंडलेला पितळेचा तुकडा वहीच्या खटक्याशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच होते. हा शेगडीच्या राखेत होता, असे त्याने सांगितले. या खोलीत दीड वर्षात एकदाच विस्तव पेटला आणि तो कोणी पेटवला हे त्या गृहस्थांनी स्वतःच सांगितले होते. त्यांचे अक्षर एझ्रांच्या कित्त्यावर घडले, हेही त्यांनी अभिमानाने सांगितले होते.

"लायमन," अ‍ॅबिगेलबाई एवढेच म्हणाल्या.

"ताई, तू या लोकांचं काय ऐकतेस? यात मला काय मिळणार होतं? मीच तर छापू नका म्हणत होतो."

"प्राध्यापकांना पूर्वेकडे न्यायचं तर पश्चिमेकडे ओढावं लागतं," थर्लो म्हणाला. "तेही तुम्हीच शिकवलंत."

लायमन हसले, वकील साक्षीदाराला हसतो तसे. "तुमच्याजवळ एक पितळेचा तुकडा आहे. तसल्या खटक्याच्या शेकडो वह्या असतील. जळालेली असं मी म्हणालोच नाही."

"बॅनिस्टर," थर्लो म्हणाला.

बॅनिस्टरनी दोन पाने मागे उलटली आणि कसलाही चढउतार न आणता वाचले. "'ही बनवलेली आहे. जळालेली वही परत कशी येईल? याने काल बसून नवी लिहिली असणार. हुशार आहे तो.'"

"याच्या रेघोट्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

हायरम काही बोलू लागला, तेव्हा थर्लोने त्याच्या बाहीवर हात ठेवला. त्या खोलीत ज्याने उत्तर द्यायला हवे होते असा एकच माणूस होता. प्रॅटनी आपले हातमोजे काढले, एकात एक घातले आणि मेजावर ठेवले.

"मी ठेवतो," ते म्हणाले. "बॅनिस्टरांनी लिहिलंय, म्हणजे ते बोललं गेलंय. पंधरा दिवसांपूर्वी हेच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, याचीही नोंद घ्या."

पेन्सिल चालली.

लायमन खिडकीकडे वळले. ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजातले सभेचे तेज गेले होते. "पाच खंड," ते म्हणाले. "निवडणुकीला पैसा देणारे गिरणीवाले विचारतात, मताधिकार सोडून दक्षिणेशी जमवून घेणार का. मी तोंड उघडायच्या आत मागून एक म्हातारा उठतो. दुसरा खंड, पान अमुक. मी चाळीस वर्षांचा होत आलो, ताई. माझं स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलू दिलंय मला कोणी? म्हटलं, त्यांनाच एकदा माझं वाक्य बोलू दे."

ते टोपी घेऊन गेले. दार लागल्याचा आवाज झाला आणि बराच वेळ कोणी हलले नाही.

अखेर प्रॅटनी ती अकरा पाने गोळा केली. मुखपृष्ठावर लघुलेखक म्हणून बॅनिस्टरांचे नाव येईल, फिर्याद होणार नाही, प्रकाशकांना आपण आजच तार करू, असे ते म्हणाले. पण सहाव्या खंडात अकरा पाने मोकळी पडतील. तिथे काय घालावे?

"नवी प्रस्तावना," थर्लो म्हणाला.

"वाचणार कोण?"

"एकानं वाचली असती, तर आज पकडला गेला नसता."

अ‍ॅबिगेलबाईंनी कपाटाची किल्ली खिळ्यावरून काढली आणि बॅनिस्टरांपुढे ठेवली. एनोककाका, यापुढे ही तुमच्याजवळ असू दे, असे त्या म्हणाल्या. बॅनिस्टरनी ती लगेच उचलली नाही. ते लिहिलेले पान शेवटून वाचत होते.

हायरम त्यांच्या खांद्यावरून डोकावला. त्या वळवळत्या रेघांत त्याला काहीच कळले नाही. मात्र तळाशी एक खूण दोन कंसांत बसलेली दिसली.

"हे काय लिहिलंत हो?"

"सवय," बॅनिस्टर म्हणाले. "लायमनसाहेब गेल्यावर लिहून गेलो. शांतता."

त्यांनी एझ्रा व्हिटकॉमांच्या मेजावरच्या पेल्यातून निळी पेन्सिल उचलली, कंसावर एक सरळ रेघ ओढली, आणि मग किल्ली खिशात टाकली.